झाडं कुणी खाल्ली ते आधी बघा, विषाचं नंतर

प्रति,
मा. संपादक साहेब,
सोलापूर

विषय : बागेतली झाडं कोणता प्राणी खातोय हे न बघताच विष टाकलं जातंय, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात बागेबद्दल बरंच येतं, कुंड्या कशा भराव्यात, शेणखत किती, मावा आला तर काय फवारायचं, सगळं मी वाचते आणि कात्रणंही ठेवते. पण शहराच्या कडेला राहणारे आम्ही लोक ज्या एका गोष्टीने गेली काही वर्षं हैराण आहोत त्यावर मात्र कुठेच काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय, थोडं लांबेल, पण जमलं तर सगळं छापा. गोष्ट अशी की रात्री झोपताना मेथीचा वाफा हिरवागार असतो आणि सकाळी बघावं तर नुसते खुंट. किंवा गुलाबाची कोवळी फूट गायब, वांग्याचं रोप बुडातून आडवं, पपई अर्धी खाल्लेली. लगेच कॉलनीच्या ग्रुपवर फोटो पडतो, हे कुणी केलं म्हणून, आणि खाली उत्तरं येतात, ससा असेल, घूस असेल, माकड असेल, आमच्याकडे पण झालं होतं आम्ही अमुक गोळी टाकली. कुणीच विचारत नाही की दादा, काप कसा आहे, किती उंचीवर आहे, लेंड्या पडल्यात का, रात्री झालं की दुपारी. सगळं डायरेक्ट औषधावर येऊन थांबतं.

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि माहेरची शेती मंद्रूपच्या बाजूला आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. आणि मला मनापासून वाटतं की हे ओळखणं कुणालाही जमतं, त्याला मोठं शिक्षण लागत नाही, फक्त औषधाच्या दुकानात जायच्या आधी खाली बसून दहा मिनिटं झाडाकडे बघावं लागतं.

आधी एक सांगते की हे प्राणी आपल्याकडे येतात तरी का. सोरेगाव, होटगी रोड, केगाव, बाळे, मुळेगाव, आमचं जुळे सोलापूर, जिथे जिथे नवीन प्लॉट पडलेत तिथे कालपरवापर्यंत माळ होता, कुसळी गवत, बोरी बाभळी, मधे मधे ज्वारीची रानं. ससे, खोकड, मुंगूस, साळिंदर, मोर हे सगळे इथलेच, आपण नंतर आलो. पाऊस आपल्याकडे आधीच कमी, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की ऊन तापायला लागतं, मार्चपर्यंत माळावर हिरवं म्हणून काही उरत नाही आणि मग अख्ख्या परिसरात ओलं हिरवं फक्त आपल्या परसात असतं, कारण आपण भांड्याचं पाणी सोडतो, ठिबक लावतो. उपाशी जनावर तिथे येणारच. दिवाळीत जी बाग शाबूत असते ती एप्रिलमध्ये का खाल्ली जाते याचं उत्तर एवढंच आहे.

आता काप कसा बघायचा ते सांगते, कारण निम्मी ओळख तिथेच होते.

सशाला वर आणि खाली दोन्हीकडे धारदार पुढचे दात असतात. त्यामुळे त्याने खाल्लेल्या काडीचं टोक स्वच्छ आणि तिरकं कापलेलं असतं, कात्रीने कापावं तसं. गाय, शेळी, मेंढी, हरीण, काळवीट यांचं तसं नसतं, यांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत, तिथे नुसती कडक हिरडी असते, म्हणून ही जनावरं पान पकडून हिसका देऊन तोडतात आणि मागे राहिलेलं टोक फाटकं, चेपलेलं, तंतू निघालेलं दिसतं. आपला काळवीट आणि शेजारची शेळी यात दाताच्या दृष्टीने काही फरक नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या भागात ज्याला जंगली प्राणी म्हणून नावं ठेवली जातात तो प्राणी बऱ्याच वेळा शेळी निघते. दुपारी बाराच्या पुढे माणसं आत कूलर लावून झोपतात, गेट उघडं राहतं, चरायला सोडलेल्या शेळ्या आत येतात आणि पाच मिनिटांत जास्वंद, कढीपत्ता, शेवग्याची पालवी साफ करून जातात. संध्याकाळी झाड बघितलं की वाटतं काल रात्रीच कोणीतरी येऊन गेलं.

उंची पण बघा. ससा मागच्या पायावर उभा राहिला तरी साधारण दोन फुटांच्या वर त्याचं तोंड जात नाही. शेळी मात्र भिंतीला पाय लावून माणसाच्या छातीपर्यंतचं सहज खाते. म्हणजे चार फुटांवरची फांदी ओरबाडलेली असेल तर ससा सोडून द्या, त्या गरीब जिवाचा त्यात संबंध नाही.

मग लेंड्या. सशाची लेंडी गोल, थोडी चपटी, हरभऱ्याएवढी, वाळलेली असते आणि काडीने फोडली तर आत नुसता गवताचा भुगा. शेळीची लांबट, एका बाजूला टोकदार, चकचकीत काळी आणि ढिगाने पडलेली. काळविटाची दिसायला शेळीसारखीच, पण नर काळवीट एकाच जागी परत परत येऊन टाकतो त्यामुळे माळावर तिचा थर दिसतो. खुराचा ठसा बघितला तर काळविटाचा अरुंद आणि पुढे निमुळता, शेळीचा जास्त बोथट. तरी मी म्हणेन की शहराच्या प्लॉटमध्ये, कंपाउंडच्या आत काळवीट यायची शक्यता फार कमी, त्याला मोकळं रान लागतं, लांबून धोका दिसला पाहिजे असं त्याचं जगणं. नान्नज, वडाळा, मार्डी, अकोलेकाटी त्या बाजूला ज्यांची शेतं आहेत त्यांची गोष्ट वेगळी, तिथे कळपच्या कळप हरभऱ्यात उतरतात आणि त्यांचं नुकसान खरंच मोठं असतं. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झालं, आज माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय पण काळवीट आणि लांडगे तिथे टिकून आहेत.

आता रात्रीची जनावरं. साळिंदर आलं की ओळखायला सोपं असतं, पण लोकांना ते माहीत नाही म्हणून त्याचा दोष डुकरावर जातो. साळिंदर जमिनीखालचं खातं, रताळी, बटाटे, सुरण, निशिगंधाचे आणि कर्दळीचे कंद, नारळाची कोवळी रोपं, आणि झाडाच्या बुडाची साल. सालीवर रुंद दातांचे समांतर ओरखडे दिसतात. खड्डा ठरावीक जागी असतो, नेमका कंदापुरता. लेंड्या लांबट आणि कधी कधी एकमेकींना चिकटून आलेल्या. कुंपणाच्या तारेखालून जायची त्याची वाट ठरलेली असते, तिथे माती गुळगुळीत झालेली दिसेल आणि नशीब असेल तर एखादा काळापांढरा काटा पण मिळेल. रानडुकराचं काम याच्या उलट, ते नाकाने सगळी जमीन उलथून टाकतं, वाफाच्या वाफा नांगरल्यासारखा, भुईमूग आणि मका म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि तारेला चिखल आणि राठ केस अडकलेले सापडतात. साळिंदर असताना डुकरासाठी जुन्या साड्या बांधून काही उपयोग होत नाही, ते खालून जातं. त्याला जाळी फूटभर जमिनीत गाडूनच अडवावं लागतं.

घूस आणि उंदीर. इथे फसायला होतं कारण उंदराचे दातही सशासारखेच धारदार, काप स्वच्छच असतो, फक्त बारीक. पण ससा बीळ करत नाही, आपल्याकडचा रानससा तर बिलकुल नाही, तो गवतात नुसतं अंग दाबून बसायची जागा करतो. म्हणजे वाफ्याजवळ बीळ आहे, बाहेर भुसभुशीत मातीचा ढीग आहे, कापलेली काडी बिळाकडे ओढत नेलेली दिसतेय, भिंतीच्या कडेने काळपट तेलकट पट्टा पडलाय, तर तो उंदीर किंवा घूस, ससा नाही.

आणि कित्येकदा तर प्राणी नसतोच. वांग्या मिरचीचं रोप बुडातून कापलेलं आणि तिथेच आडवं पडलेलं, खाल्लेलं काहीच नाही, असं असेल तर आजूबाजूची माती बोटाने दोन इंच उकरा, आत वेटोळं करून पडलेली राखाडी काळी अळी सापडेल. तिने रात्री कापलं आणि दिवसा मातीत गेली. पानावर चंदेरी चिकट रेघ दिसली तर गोगलगाय. शंखी गोगलगायीला हलक्यात घेऊ नका, २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे हिने सोयाबीनची उगवती रोपं खाऊन शेतकऱ्यांना दुबार पेरणी करायला लावली होती, ती आपल्याकडे नर्सरीच्या कुंडीतून, मातीतून आरामात येते. रात्री नऊ दहाला बॅटरी घेऊन बघा, हातात पिशवी घालून वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. कढीपत्त्याची आणि लिंबाची पानं कडेने खाल्लेली आणि खाली बारीक काळे दाणे पडलेले असतील तर ती फुलपाखराची अळी, हाताने काढून दुसऱ्या झाडावर सोडली तरी चालते. आणि गुलाबाच्या पानाला कडेने एकदम नीट गोल, बांगडीच्या तुकड्यासारखा काप दिसला तर कृपा करून काहीच फवारू नका, ती पानं कापणारी मधमाशी आहे, तो तुकडा ती घरट्यासाठी नेते, झाडाला त्याने काही होत नाही आणि परागीकरण तीही करते.

दिवसा येणारे वेगळे. मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी येतो, कोवळी रोपं उपटतो, टोमॅटोला चोच मारतो, वाळलेल्या वाफ्यात अंग घोळून खळगा करून जातो, पुढे तीन बोटांचा मोठा ठसा असतो, ओळखू न यायला काही नाही. पोपट मिरची आणि पेरू अर्धवट खाऊन खाली टाकतो. खारूताई कळ्या कुरतडते आणि कुंडीतली माती उकरते, तेही आपल्या डोळ्यांसमोर. वानर आलं तर फांद्या मोडलेल्या असतात, त्याला पुरावा शोधावा लागत नाही. पेरू, चिकू, देशी बदाम रात्रीत खाल्लेले आणि झाडाखाली चावून थुंकलेले चोथ्याचे गोळे पडलेले असतील तर वटवाघूळ. अशी उष्टी फळं खाऊ नयेत, मुलांना तर देऊच नयेत, २०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूची साथ आली तेव्हापासून डॉक्टर लोक हे सारखं सांगतायत. भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पपईच्या, चिकूच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते उदमांजर.

डाळिंबाबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय सोलापूरच्या माणसाचं पत्र पुरं होणार नाही. फळाला एकच गोल नीट भोक आणि त्या भोकाशी घाण साचलेली, वास येतोय, तर ती फळ पोखरणारी अळी. साल वेडीवाकडी कुरतडून मोठं तोंड केलंय आणि आतले दाणे फस्त, तर खार नाहीतर उंदीर. पहिल्याला खारीचा पिंजरा लावून काही होणार नाही आणि दुसऱ्याला फवारणी करून काही होणार नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दारात आहे, शंका असेल तर फळ घेऊन तिथे विचारता येतं, पण परसात दोन चार झाडं असलेला माणूस तिथे जात नाही, त्याला वाटतं ते मोठ्या बागायतदारांसाठी आहे.

एवढं करूनही कळलं नाही तर काय करायचं. मी सगळ्यांना एक साधी युक्ती सांगते. घरातलं जुनं टोपलं घ्या, दोन असतील तर उत्तम. काही रोपांवर ते फक्त रात्री पालथं घालायचं, काहींवर फक्त दिवसा, वर एक वीट ठेवायची. तीन चार दिवसांत कळतं की खाणारा दिवसा येतो की रात्री. आणि टोपल्याखालचं रोपही खाल्लं गेलं तर खाणारा बाहेरून येत नाही, तो मातीतच आहे, अळी किंवा गोगलगाय. तसंच कोंबड्यांच्या खुराड्याची एक इंची जाळी अर्ध्या वाफ्यावर टाकून बघा, त्यातून ससा जात नाही, मोर जात नाही, पण छोटा उंदीर जातो. जाळीबाहेरचं गेलं आणि आतलं राहिलं, तर मोठा प्राणी. ठशासाठी वाफ्याच्या कडेला दोन हात लांब पट्टी पाणी मारून सपाट करा आणि वर चाळलेली माती नाहीतर रांगोळी पसरा. काही लोक गव्हाचं पीठ टाकायला सांगतात ते मला पटत नाही, पिठाला मुंग्या येतात, उंदीर येतात, म्हणजे जो नव्हता त्याला आपणच बोलावलं. आपली काळी माती ओली असेल तर ठसा इतका सुरेख उठतो आणि वाळल्यावर टिकतो की दुसरं काही लागतच नाही. ज्यांच्याकडे सीसीटीव्ही आहे त्यांनी एक कॅमेरा रात्रीपुरता गेटऐवजी वाफ्याकडे वळवावा, काम सोपं होईल.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने का लिहितेय ते आता सांगते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याच भागात एका घरी भाजीचा वाफा सारखा साफ होत होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी कणकेच्या गोळ्यांत विष घालून ते कुंपणाच्या कडेने ठेवले, कोणत्या प्राण्यासाठी हे त्यांनाही माहीत नव्हतं, जो येईल तो मरेल एवढाच हिशोब. दोन दिवसांत शेजारच्या घरातलं मांजर गेलं, आणि आमच्या ओढ्याच्या कडेला जे मुंगूस रोज दिसायचं ते मरून पडलेलं सापडलं. त्या घरातला सहा सात वर्षांचा नातू तिथेच खेळत असतो, त्याच्या हाताला एखादा गोळा लागला असता तर, हा विचार मनात आला की मला आजही झोप येत नाही. आणि वाफा त्यानंतरही खाल्ला जातच होता, कारण काप फाटके होते, उंची तीन फुटांच्या वर होती, लेंड्या ढिगाने पडल्या होत्या, आणि खाणं दुपारचं होतं. गेटची कडी बसवल्यावर ते थांबलं. म्हणजे ज्या मुंगसाने त्या घराभोवतीचे उंदीर आणि साप कमी ठेवले होते ते मेलं, आणि शेळ्यांचं काहीच झालं नाही. शेळीवाल्या मावशींचं काही वाईट व्हावं असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्यांच्याकडे चराईला जागा राहिलेली नाही, त्यांच्याशी बोलून प्रश्न सुटला असता आणि शेवटी सुटलाच.

उंदराच्या औषधाचं पण असंच आहे. काही औषधं अशी असतात की उंदीर लगेच मरत नाही, तीन चार दिवस सुस्त होऊन फिरतो आणि तेव्हाच त्याला गव्हाणी घुबड, पिंगळा, मांजर, धामण सोप्यात पकडतात आणि ते विष त्यांच्याही पोटात जातं. घुबडं गेली की उंदीर अजून वाढतात, मग अजून औषध. विषारी दाणे टाकले तर ते आधी मोर, तित्तर, पारवे टिपतात. फोरेट या कीटकनाशकावर तर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी गावाकडे जुनं डबडं काढून बुडात टाकणारे लोक मी स्वतः बघितलेत, वासाने जनावर येत नाही म्हणतात. ज्या मातीत मेथी लावायची तिथे ते टाकायचं आणि तीच भाजी घरात खायची, हे कसं चालतं मला समजत नाही.

कायद्याचंही लोकांना माहीत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे त्यात विष घालणं, फास लावणं, सापळा लावणं हे सगळं येतं, बंदूकच पाहिजे असं नाही. मोर आणि काळवीट दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे तीन ते सात वर्षं तुरुंगवास आहे. माझी जागा आहे, माझी भाजी आहे, मी काहीही करीन, असं चालत नाही. कुंपणात डायरेक्ट करंट सोडणाऱ्यांबद्दल तर काय लिहू, त्याने माणसं मेलेल्या बातम्या तुमच्याच पेपरात येतात.

उलट ओळख पटली तर सरकारकडूनही मदत मिळते. शेतात रानडुक्कर, हरीण, माकड अशा प्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर वन विभागाकडून भरपाईची सोय आहे, पण त्यासाठी लगेच अर्ज आणि पंचनामा लागतो आणि पंचनाम्यात कोणत्या प्राण्याने नुकसान केलं हे यावं लागतं. ठसे, लेंड्या, काटे, केस याचे फोटो पहिल्याच सकाळी काढून ठेवले नाहीत, पाणी सोडलं, कुळवणी केली, की पुरावा गेला. आमच्या भावकीत हे झालंय, नुकसान खरं होतं पण साहेब येईपर्यंत वाफे सरळ करून ठेवले होते, मग दाखवायचं काय. वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे, जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तरी तिथेच कळवायचं, स्वतः हात लावायला जाऊ नये.

आता माझी विनंती. पहिली तुम्हाला. रविवारच्या पानावर आठवड्याला एक छोटी चौकट द्या, वाचकांनी कापाचा, ठशाचा, लेंडीचा फोटो पाठवायचा आणि जाणकाराने उत्तर द्यायचं की हे कुणाचं काम आणि यावर बिनविषारी उपाय काय. आपल्या जिल्ह्यात पक्षी आणि माळरान जिवापाड जपणारी तरुण मुलं खूप आहेत, ती आनंदाने करतील. नान्नजचे वनरक्षक, वनमजूर यांना लेंडी बघून प्राणी सांगता येतो, त्यांचं आयुष्य त्यात गेलंय, बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या गणनेच्या वेळी लोक त्यांच्याकडे कौतुकाने बघतात, तेच ज्ञान वर्षभर आमच्या परसापर्यंत यावं एवढंच म्हणणं आहे.

दुसरी विनंती वन विभागाला, कडेच्या वसाहतींमध्ये उन्हाळ्याआधी एखाद्या सकाळी तासभर माणूस पाठवा, लोकांना चालत चालत ठसे दाखवा. कागदी पत्रकं वाटून हे होत नाही, एकदा सशाची आणि शेळीची लेंडी शेजारी शेजारी बघितली की माणूस जन्मभर विसरत नाही. तिसरी विनंती औषधाच्या दुकानदारांना, कोणी येऊन प्राणी मारायची गोळी द्या म्हणाला की निदान कोणता प्राणी एवढं तरी विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर त्या दिवशी देऊ नका. नर्सरीवाल्यांना पण हेच, रोपाबरोबर जाळी विका, चांगली विकली जाईल, अडीच फूट उंच आणि खाली सहा इंच बाहेरच्या बाजूला वाकवून दाबलेली साधी जाळी सशाला पुरते, फळांना जुन्या साडीच्या पिशव्या शिवून बांधल्या तर खार आणि वटवाघूळ दोन्हीपासून वाचतात, आणि जुन्या साड्या तर सोलापुरात प्रत्येक घरात आहेत.

चौकट गड्ड्यानंतर लगेच सुरू केलीत तर मार्चच्या आधी लोकांच्या डोळ्यांखालून चार पाच फोटो जातील आणि त्याचा उपयोग होईल. फोटो पाठवणाऱ्यांना तेवढं एक सांगा की ठशाशेजारी किंवा लेंडीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून वरून सरळ फोटो काढायचा, दुसरा फोटो कापलेल्या टोकाचा अगदी जवळून, तिसरा अख्ख्या झाडाचा, शेजारी फूटपट्टी उभी करून, आणि सोबत लिहायचं की शेवटचं शाबूत कधी बघितलं होतं, सकाळी की संध्याकाळी.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर